मेंदूचे चित्रकार

स्पेन देशातील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. वडील शल्यवैद्य होते. मुलाने वैद्यच व्हावे, अशी त्यांची इच्छा. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे! वडिलांना हा नाद मुळीच रुचेना. त्यांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे व जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. पुढे वडिलांनी मानवी अस्थी समोर ठेवून शरीररचना शिकवली, तेव्हा मुलगा त्या अस्थींची चित्रे तन्मयतेने काढू लागला. पितापुत्रांचा जुना वाद तेथेच मिटला. १८७३ साली सांतियागो वैद्यकाचे पदवीधर झाले.

त्या काळी मेंदू म्हणजे एकसंध जाळे होय, असे पुष्कळ विद्वान मानीत. इटलीतील गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली होती. काहालांनी ती सुधारली आणि पक्ष्यांच्या कोवळ्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८८८ साली बार्सिलोना येथे त्यांना आढळले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. ती शेजारणीशी संपर्क साधते, पण तिच्यात मिसळून जात नाही.

परंतु स्पॅनिश भाषेतील लेख वाचणार कोण? काहालांनी पदरमोड करून नियतकालिक काढले. १८८९ साली ते आपले नमुने घेऊन बर्लिनच्या परिषदेस गेले. तेथे थोर शास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते स्वतः पाहिले आणि त्यांची खात्री पटली.

१९०६ साली नोबेल पारितोषिक काहाल व गॉल्जी यांना विभागून मिळाले. गॉल्जी यांनी आपल्या भाषणात काहालांच्याच मतावर टीका केली! काहालांनी मात्र गॉल्जींच्या पद्धतीचे ऋण कधी नाकारले नाही. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील सूक्ष्म फट दाखवली आणि काहालांचे म्हणणे खरे ठरले.

बौद्धिक अभ्यासाने पेशींचे हे संबंध दृढ होतात, असे अनुमान त्यांनी १८९४ साली लंडन येथे मांडले होते. मेंदूसारखे शिकणारे यंत्र घडविण्याच्या प्रयत्नांमागे असाच विचार आहे. २०२२ साली व्हिएन्ना व मिलान येथील शास्त्रज्ञांनी काचेच्या लहानशा पट्टीत प्रकाशकणांवर चालणारे एक उपकरण तयार केले. आधी आलेल्या प्रकाशाची स्मृती ते ठेवते आणि तिच्यानुसार पुढच्या प्रकाशाची वाट बदलते. ज्या छंदापायी काहालांनी बालपणी वडिलांचा रोष ओढवून घेतला, त्याच छंदाने मेंदूचे गूढ जगापुढे उलगडले.