थेम्सचे गाऱ्हाणे मांडणारे फॅरडे

लंडनच्या दक्षिण भागातील न्यूइंग्टन येथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली आणि ती स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली.

१८२५ मध्ये फॅरडे यांनी दिव्याच्या गॅसपासून उरणाऱ्या तेलकट द्रवातून बेन्झीन वेगळे केले. पुढे याच कुळातील रसायनांवर रंग व औषधांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या सांडपाण्यातून फिनॉल, ॲनिलीन यांसारखी चिवट सेंद्रिय द्रव्ये नद्यांत मिसळू लागली.

त्यावरील एका उपायाचे मूळही फॅरडे यांच्याच कार्यात आहे. द्रावणातून जितकी वीज वाहते, तितक्याच प्रमाणात विद्युत अग्रांवर रासायनिक बदल घडतो, हा नियम त्यांनी १८३३-३४ मध्ये सिद्ध केला. आज सांडपाण्यात विद्युत अग्रे बुडवून वीज सोडली जाते. धनाग्रावर सेंद्रिय रेणू फुटत जातात आणि प्रक्रिया पूर्ण झाल्यास मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. बेन्झीनचा एक रेणू असा पूर्ण नष्ट करण्यास ३० इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. किमान किती वीज लागेल, याचा हिशेब फॅरडे यांच्या नियमानेच होतो. प्रत्यक्षात काही वीज पाण्यापासून ऑक्सिजन तयार होण्यात खर्ची पडत असल्याने खर्च वाढतो. पाण्यात क्षार असतील तर क्लोरीनयुक्त घातक द्रव्येही तयार होऊ शकतात. म्हणूनच हे तंत्र जपून वापरावे लागते.

प्रदूषणाची झळ फॅरडे यांनी स्वतः अनुभवली होती. जुलै १८५५ मध्ये बोटीने थेम्समधून जाताना त्यांनी पांढऱ्या कार्डांचे ओले तुकडे पाण्यात टाकले. लख्ख उन्हातही ते इंचभर खोल जाण्याआधीच दिसेनासे झाले. त्यांनी तत्काळ ‘द टाइम्स’ला पत्र लिहून राज्यकर्त्यांना सावध केले. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधीने संसदेत बसणे अशक्य झाले, तेव्हा कोठे कायदा झाला. जोसेफ बाझलजेट यांनी भव्य गटारे बांधली. मात्र त्यातून मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडला गेला, तो नष्ट झाला नाही.

सरदारकी नाकारणारे आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही न स्वीकारणारे फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे थेम्सच्याच सान्निध्यात निवर्तले.