पिओ गामा पिंटो : केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेला गोमंतकीय

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला सर केला आणि गिरीजच्या हिराडोंगरीभोवतालचा सारा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून कायमचा गेला. गोव्यात मात्र हीच सत्ता त्यानंतर आणखी २२२ वर्षे टिकून राहिली. परेरा, डिसोझा, पिंटो ही आडनावे आज वसईत आणि गोव्यात सारखीच ऐकू येतात, परंतु त्यामागचे इतिहास वेगळे झाले ते १७३९ पासून. गोमंतकीयांना पोटासाठी घर सोडावे लागले. कोणी मुंबई गाठली, कोणी कराची, तर कोणी गलबतात बसून थेट पूर्व आफ्रिका. नैरोबीच्या सरकारी कचेऱ्यांतून लेखनिकाची खुर्ची ही जणू गोमंतकीयांसाठीच राखीव होती. अशाच एका सरकारी नोकराच्या घरी ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत पिओ गामा पिंटो यांचा जन्म झाला.

त्या काळातील केनियाची समाजरचना समजून घेतल्याशिवाय पिंटो यांच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. सर्वांत वर गोरे, मध्ये आशियाई आणि तळाशी आफ्रिकी, अशी ही उतरंड होती. वेतन, वस्ती, शाळा, रुग्णालय, सारे काही तिच्याप्रमाणे ठरलेले असे. थंड हवेच्या सुपीक पठारावरील जमिनी केवळ गोऱ्यांसाठी होत्या. मधल्या पायरीवरही आणखी एक बारीक रेघ होती. गोमंतकीय हे पोर्तुगालचे प्रजाजन, म्हणून जनगणनेत त्यांची नोंद भारतीयांपासून वेगळी केली जाई. या वेगळेपणाचा अनेकांना अभिमानही वाटे. क्लब, चर्च, नाताळातील नृत्याचे कार्यक्रम आणि निवृत्तीनंतर गोव्यात परतून बांधायचे घर, एवढ्यात त्यांचे जग सामावले होते.

वयाच्या आठव्या वर्षी पिंटो यांना शिक्षणासाठी भारतात धाडण्यात आले. गोव्यातील हडफडे येथील सेंट जोसेफ हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हा धारवाड मुंबई प्रांतातच होते आणि बेचाळीसच्या चळवळीची धग अद्याप विझलेली नव्हती. काही काळ त्यांनी हवाई दलात उमेदवारी केली, मग मुंबईच्या टपाल व तार खात्यात नोकरी धरली. १९४६ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा जो मोठा संप झाला, त्यात हा एकोणीस वर्षांचा तरुण उतरला. त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली. गोवा नॅशनल काँग्रेसची स्थापना झाली आणि तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत पिंटो होते. गोव्यात जाऊन प्रचार करणाऱ्यांवर सालाझारच्या पोलिसांची नजर असे. अटक झाल्यास केप व्हर्देच्या बेटावरील ताराफाल या छळछावणीत रवानगी होण्याचा धोका होता. १९४९ मध्ये अटक टाळून ते आपल्या जन्मभूमीत, केनियात परतले.

वसाहतवादाविरुद्धचे धडे त्यांनी गिरवले ते गोवा आणि मुंबईत. आता ते वापरण्याची वेळ आली होती. ईस्ट आफ्रिकन इंडियन काँग्रेसच्या कचेरीत ते काम करू लागले. डेली क्रॉनिकल या वृत्तपत्राचे संपादन त्यांनी केले. कामगार पुढारी माखनसिंग यांना सरकारने मे १९५० मध्ये पकडले व पुढे तब्बल अकरा वर्षे अडकवून ठेवले. त्यानंतर कामगार संघटनांच्या कामातही पिंटो यांनी हात घातला. उत्तम स्वाहिली बोलणारा, आफ्रिकी वस्त्यांतून रात्री-अपरात्री फिरणारा, कोणाच्याही घरी जमिनीवर बसून जेवणारा हा गोमंतकीय पाहून त्याचे स्वतःचे जातभाई चकित होत, काही संतापतही. सरकारी नोकरीवर ज्यांची घरे चालत होती, त्यांना हा तरुण आपल्यावर संकट ओढवणार अशी भीती वाटणे स्वाभाविकच होते.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली. माउ माउ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र उठावाचा ठपका ठेवून जोमो केन्याटा व त्यांच्या पाच सहकाऱ्यांना कापेनगुरिया या आडवळणी गावी नेऊन त्यांच्यावर खटला भरण्यात आला. या खटल्याच्या बचावाची जुळवाजुळव करणाऱ्यांत पिंटो होते. इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले. पंडित नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवले. नायजेरियातून एच. ओ. डेव्हिस आले, तर स्थानिक वकिलांत फिट्झ डिसोझा हे आणखी एक गोमंतकीय होते. आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाचा एक वकील पूर्वेकडील एका पुढाऱ्यासाठी धावून येतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. नायजेरियासारखा विशाल देश उद्याच्या आफ्रिकेत अग्रभागी असणार, अशी अपेक्षा तेव्हापासूनच निर्माण झाली होती.

पुढारी तुरुंगात गेल्यावर चळवळ जिवंत ठेवण्याचे काम मागे राहिलेल्यांवर पडले. पिंटो आणि त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी यांनी ते उचलले. मुरुंबींचे वडील गोमंतकीय व्यापारी, तर आई मसाई, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जंगलातील लढवय्यांना पैसा आणि शस्त्रे पोहोचवणे, बंदिवानांच्या बायकामुलांची सोय लावणे, छळाच्या हकीकती परदेशी वृत्तपत्रांकडे व खासदारांकडे धाडणे, अशी अनेक कामे पिंटो गाजावाजा न करता करीत राहिले. जानेवारी १९५४ मध्ये त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांकडून संसारासाठी मिळालेल्या पैशातून त्यांनी छापखाना विकत घेतला, यावरून त्यांच्या संसाराची कल्पना यावी. पाच महिन्यांनी, १९ जून रोजी, त्यांना अटक झाली. कोणताही खटला न चालवता लामूजवळच्या मांडा बेटावरील ताकवा छावणीत त्यांना १९५८ पर्यंत डांबण्यात आले आणि नंतर ऑक्टोबर १९५९ पर्यंत काबार्नेट या दूरच्या गावी स्थानबद्ध ठेवण्यात आले. माउ माउ प्रकरणी बंदिवास भोगलेल्या मोजक्या आशियाईंपैकी ते एक होत.

सुटकेनंतरची पाच-सहा वर्षे हा पिंटो यांच्या आयुष्याचा खरा कसोटीचा काळ. १९६० मध्ये आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. नायजेरिया १ ऑक्टोबरला मुक्त झाला, पण जन्मतःच तीन प्रदेशांत वाटलेला. उत्तरेत अहमदू बेल्लो, पश्चिमेत अवोलोवो, पूर्वेत अझिकिवे, असे ज्याचे त्याचे बालेकिल्ले आणि ज्याचा त्याचा पक्ष. केंद्रात पंतप्रधान बालेवा होते, तथापि सत्तेची खरी मुळे प्रादेशिक राजधान्यांत होती. केनियातही हाच प्रश्न उभा राहिला. किकुयू आणि लुओ या मोठ्या जमातींचा भरणा असलेला कानू पक्ष एका बाजूला, तर कालेंजिन, मसाई, किनारपट्टीवरील मिजिकेंडा अशा लहान समूहांचा कादू पक्ष दुसऱ्या बाजूला. मोठ्यांच्या राज्यात आपण भरडले जाऊ, या भीतीने कादूने प्रादेशिक स्वायत्ततेची मागणी लावून धरली. स्वाहिलीत तिला माजिंबो म्हणतात. ही भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र या मागणीमागे गोऱ्या जमीनदारांचेही पाठबळ होते, कारण प्रदेशांच्या हाती जमीन राहिली तर केंद्र सरकार ती काढून घेऊ शकणार नव्हते.

पिंटो यांनी कानूची बाजू घेतली आणि पक्षाचे मुखपत्र सुरू केले. १९६१ मध्ये दिल्लीला जाऊन त्यांनी नेहरूंची मदत मिळवली व तिच्या आधारे पॅन आफ्रिकन प्रेस ही प्रकाशनसंस्था उभी केली. केन्याटांच्या सुटकेसाठी जनमत तयार करण्यात या प्रकाशनांचा वाटा मोठा होता. मे १९६३ च्या निवडणुकीत कानू विजयी झाला आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. सात प्रदेशांची घटना लागू झाली खरी, पण ती वर्षभरही टिकली नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये कादू पक्ष विसर्जित होऊन कानूत विलीन झाला आणि डिसेंबरात केनिया प्रजासत्ताक बनला.

प्रदेशांचा वाद मिटला, असे वरवर दिसत होते. वस्तुतः तो पक्षाच्या आत शिरला. एकीकडे केन्याटा व टॉम म्बोया, तर दुसरीकडे उपाध्यक्ष ओगिंगा ओडिंगा, असे दोन तट पडले. वाद होता जमिनीचा. ब्रिटनकडून कर्ज घेऊन गोऱ्यांची शेते विकत घ्यावयाची आणि ती कर्जावरच शेतकऱ्यांना द्यावयाची, असे सरकारचे धोरण होते. ज्यांची जमीन हिरावली गेली त्यांनीच ती पुन्हा पैसे मोजून का घ्यावी, असा डाव्या गटाचा सवाल होता. जंगलातून परतलेले लढवय्ये भूमिहीन राहत होते आणि ज्यांनी इंग्रजांची चाकरी केली त्यांतील अनेकांच्या नावे शेते होत होती. पिंटो ओडिंगांच्या गटाचे संघटक होते. पक्षकार्यकर्ते घडवण्यासाठी १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या लुमुंबा इन्स्टिट्यूटच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. त्याच वर्षी जुलैत ते संसदेवर निवडले गेले. ही जागा मतदारसंघाची नव्हती, तर सभागृहाने निवडून द्यावयाची विशेष जागा होती.

हा तपशील महत्त्वाचा आहे. १९६२ च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या सुमारे ८६ लाख होती आणि आशियाई होते जेमतेम पावणेदोन लाख. गोमंतकीय तर त्यातही मूठभर. केन्याटांमागे किकुयू होते, ओडिंगांमागे लुओ होते, न्गालांमागे किनारपट्टी होती. पिंटोंमागे कोणतीही जमात नव्हती, कोणताही प्रदेश नव्हता. म्हणूनच सर्व जमातींचे कार्यकर्ते त्यांच्याकडे विश्वासाने येत आणि एका प्रदेशाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. हेच त्यांचे बळ होते आणि हाच त्यांचा धोका. ओडिंगांना हात लावला असता तर सारा न्यान्झा प्रांत पेटून उठला असता. पिंटोंसाठी पेटून उठणारा प्रांत नकाशावर नव्हता.

केनियाबाहेरही त्यांची नजर होती. मोझांबिकच्या मुक्तीसाठी झुंजणाऱ्या फ्रेलिमो संघटनेला त्यांचे साहाय्य होते. ज्या पोर्तुगीज सत्तेने त्यांना गोव्यातून परागंदा केले तीच तेथे ठाण मांडून होती. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, पण पिंटोंच्या लेखी ते काम अर्धेच झाले होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स नैरोबीस आले असता त्यांची पिंटोंशी गाठ पडली. पुढे २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीच्या सकाळी, वेस्टलँड्स भागातील आपल्या घरातून पिंटो मोटारीने निघाले. मागच्या आसनावर त्यांची दीड वर्षाची मुलगी होती. फाटकापाशी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुलगी बचावली, पिंटो जागीच गतप्राण झाले. वय अवघे ३७. स्वतंत्र केनियातील ही पहिली राजकीय हत्या. किसिलू मुटुआ नावाच्या तरुणाला दोषी ठरवून फाशी सुनावण्यात आली, तिचे पुढे जन्मठेपेत रूपांतर झाले. या गुन्ह्यातील सर्वच जण आपल्यापुढे उभे केले गेले नसावेत, याकडे निकाल देतानाच न्यायमूर्तींनी निर्देश केला होता. मुटुआ आपण निर्दोष असल्याचे अखेरपर्यंत सांगत राहिला आणि पस्तीसहून अधिक वर्षांनी, २००१ मध्ये, सुटला. हत्येमागे कोण होते हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

नंतरच्या घटना वेगाने घडल्या. पिंटो गेल्यावर दोन-अडीच महिन्यांतच सरकारने आर्थिक धोरणाचा आपला दस्तऐवज संसदेपुढे ठेवला, तेव्हा त्याला संघटितपणे विरोध करणारा माणूस उरला नव्हता. मार्च १९६६ मध्ये लिमुरूच्या अधिवेशनात ओडिंगांचे पंख छाटण्यात आले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. त्यांच्या जागी उपाध्यक्ष झालेले मुरुंबी यांनी त्याच वर्षी पद सोडले आणि राजकारणाकडे पाठ फिरवली. जुलै १९६९ मध्ये म्बोयाही गोळीला बळी पडले. तिकडे नायजेरियात जानेवारी १९६६ मधील लष्करी उठावात बालेवा आणि अहमदू बेल्लो मारले गेले आणि पुढच्याच वर्षी पूर्वेचा प्रदेश बियाफ्रा म्हणून फुटून यादवी युद्ध भडकले. नायजेरियाने प्रदेशांना बळ दिले, केनियाने ते काढून घेतले. रक्त मात्र दोन्हीकडे सांडले.

पिंटोंच्या मागे संपत्ती अशी काही नव्हती. मित्रांनी निधी उभारून कुटुंबाला हातभार लावला आणि त्यांची पत्नी तिन्ही मुलींना घेऊन कॅनडात स्थायिक झाली. सप्टेंबर १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय पत्रकार संघटनेने त्यांचा मरणोत्तर सन्मान केला. केनियाच्या सरकारला मात्र त्यांचे चित्र टपाल तिकिटावर छापण्यास २००८ साल उजाडावे लागले. नैरोबीतील सिटी पार्कच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. १९९० मध्ये मुरुंबी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनाही आपल्या या मित्राच्या निकट, त्याच सिटी पार्कमध्ये चिरविश्रांती देण्यात आली.