बलोपासना शिकवणारे समर्थ रामदास करुणाष्टकांत इतके व्याकूळ का होतात?

रामदास स्वामी म्हटलं की मारुतीचं देऊळ, तालीम, सूर्यनमस्कार आणि शाळेत पाठ केलेले मनाचे श्लोक आठवतात. एकूण चित्र खणखणीत आणि कणखर आहे. पण हेच रामदास करुणाष्टकांत अक्षरशः रडतात. मन ताब्यात राहत नाही, केलेला निश्चय वरचेवर मोडतो, आपल्या माणसांची ओढ काही केल्या सुटत नाही, अशी कबुली ते रामाजवळ देतात आणि मूल आईला हाक मारतं तशी त्याला हाक मारतात. हे रडणं आलं कुठून, हे समजून घ्यायचं तर जालना जिल्ह्यातल्या एका घरापासून सुरुवात करावी लागते.

जांबेचा नारायण

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं गाव. आज ते जांबसमर्थ म्हणून ओळखलं जातं. शके १५३०, म्हणजे १६०८ सालच्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. थोरला भाऊ गंगाधर. घरात पिढ्यान्‌पिढ्या रामाची उपासना चालत आलेली. नारायण सात-आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि घराची जबाबदारी गंगाधरावर आली.

या काळातल्या बऱ्याच गोष्टी आपल्यापर्यंत संप्रदायातल्या चरित्रांतून आल्या आहेत. त्यातली सर्वात प्रसिद्ध हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. त्यामुळे पुढचे प्रसंग परंपरेने जपलेल्या आठवणी म्हणून वाचावेत. मात्र त्या आठवणींत मुलाचं मन फार नेमकं पकडलेलं आहे.

एकदा नारायण कुठे सापडेना. शोधता शोधता आईला तो घरातल्या अडगळीच्या अंधाऱ्या जागी एकटाच बसलेला दिसला. काय करतोस, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की तो साऱ्या जगाची काळजी करतोय. ही गोष्ट बहुतेक वेळा भावी संताचं लक्षण म्हणून सांगतात. मला मात्र त्यात नुकतेच वडील गमावलेला मुलगाही दिसतो. मोठ्यांच्या चिंता कानावर पडलेल्या, पण त्या कुठे ठेवायच्या हे न कळलेला.

शब्द पाळला, तोही अक्षरशः

त्या काळच्या रीतीप्रमाणे बाराव्या वर्षी त्याच्या लग्नाचं ठरलं. तो तयार नव्हता. लग्नाचा विषय निघाला की चिडायचा, घरातून निघून जायचा. शेवटी राणूबाईंनी त्याला आपली शपथ घातली. अंतरपाट धरेपर्यंत तू नाही म्हणायचं नाहीस, एवढंच त्यांनी मागितलं. मुलगा बोहल्यावर उभा राहिला की पुढचं आपोआप होईल, असा आईचा हिशेब असावा. मुलाने होकार दिला.

जवळच्या आसनगावात मांडव पडला. मामाचीच मुलगी नवरी होती. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, भटजींनी सावधान म्हटलं आणि नारायण मांडवातून पळाला. सावधान या शब्दाने तो जागा झाला, हा अर्थ आपण नेहमी ऐकतो. पण दिलेल्या शब्दाकडेही पाहा. आईने अंतरपाटापर्यंत म्हटलं होतं, तो अंतरपाटापर्यंत थांबला. आईवरचं प्रेम म्हणजे तिला दिलेला शब्द, आणि शब्द म्हणजे त्यातली अक्षरं. घरात लहान मूल असेल तर हा हिशेब तुम्हाला नवा नाही. एकच गोष्ट म्हणून कबूल करून घ्या आणि दुसरी मागून पाहा.

आईचा हिशेब वेगळा होता. तिच्यासाठी प्रेम म्हणजे मुलगा डोळ्यांसमोर असणं. मांडवात उभ्या राहिलेल्या त्या दुसऱ्या मुलीचं काय झालं, याबद्दल मात्र या कथा फारसं बोलत नाहीत.

टाकळीची बारा वर्षं

नारायण नाशिकला पोचला आणि जवळच्या टाकळीला राहिला. तिथे नंदिनी आणि गोदावरीचा संगम आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र जपायचा, मग भिक्षा मागायची, मग वाचन आणि लेखन. हा क्रम बारा वर्षं चालला आणि जप तेरा कोटी झाला, असं संप्रदाय मानतो. जालना जिल्ह्याची दक्षिण हद्द गोदावरीच आहे. तो ज्या पाण्यात उभा राहायचा, तेच पाणी पुढे त्याच्या आईच्या मुलखाकडे वाहत जायचं.

करुणाष्टकांच्या भावनेचं मूळ याच एकाकी वर्षांत शोधलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे. लहान मुलाची आईपासून ताटातूट झाली तर ते आधी आक्रोश करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त झाल्यासारखं वागू लागतं, असा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. नारायण त्या मुलांपेक्षा मोठा होता आणि स्वतःहून निघाला होता, त्यामुळे हा नियम त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण करुणाष्टकं वाचताना जाणवतं, की हा माणूस अलिप्त व्हायला निघाला होता आणि तिथे पोचण्याआधी त्याने आक्रोश दाबून टाकला नाही. त्याला त्याने मालिनीसारखी वृत्तं दिली, प्रत्येक ओळीत मोजून पंधरा अक्षरं. रडू वृत्तात बसलं की ते पाठ करता येतं आणि रोज म्हणता येतं.

पुढे झालंही तसंच. समर्थ संप्रदायात करुणाष्टकं आणि सवाया हा सायंउपासनेचा भाग झाला. रडू येईल तेव्हा रडायचं असं नाही, तर दिवेलागणीला, सगळ्यांनी मिळून, एका चालीत म्हणायचं. अनेक मराठी घरांत परवचा म्हणताना मुलांच्या तोंडीही ती बसली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अनुताप म्हणजे काय हे कळत नाही. पण हाक मारली की कुणीतरी येतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि करुणाष्टकांतला मोठा माणूसही तेवढंच मागत असतो.

चोवीस वर्षांनी दारात

टाकळीनंतर बारा वर्षं देशभर पायी भटकंती झाली. परतताना पैठणला आईची हालत कानावर आली आणि ते जांबेला गेले. दारात उभं राहून रामाचा जयजयकार केला. कुणी गोसावी आला असेल असं समजून राणूबाईंनी सुनेला भिक्षा घालायला सांगितलं. मुलासाठी रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती, असं चरित्रं सांगतात. मग आवाज ओळखीचा वाटला, आणि हाताने चाचपून त्यांनी आपला नारायण ओळखला. त्याच्या स्पर्शाने दृष्टी परत आली, ही श्रद्धेची गोष्ट आहे.

काही काळ आईजवळ राहून, तिची समजूत घालून, १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी गेले. त्यानंतरचं चरित्र आपल्याला जास्त माहीत आहे: १६४८ मध्ये चाफळचा राममंदिर-उत्सव, अकरा मारुती, मठ, दासबोध. शिवाजी महाराजांशी त्यांची भेट नेमकी कधी झाली यावर इतिहासकारांत वाद आहे, तो इथला विषय नव्हे. १६५५ मध्ये राणूबाईंच्या अखेरच्या वेळी समर्थ पुन्हा जांबेत होते, असं परंपरा सांगते.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत अक्कास्वामी आणि उद्धवस्वामी जवळ होते. त्यांना रडताना पाहून, इतकी वर्षं राहून हेच शिकलात का, असं समर्थांनी विचारल्याचं सांगतात. अक्कांचं म्हणणं असं, की आत्मा अमर आहे हे ठाऊक आहे, पण हे रूप दिसणार नाही आणि हा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून रडू येतं. त्यावर समर्थांनी त्यांना गप्प केलं नाही. आपल्यामागे दासबोध आहे, तो वाचत जा, तिथे मी भेटेन, एवढं सांगितलं.