डाकोटांचा धनी

विमान वाहतुकीच्या १९५३ मधील राष्ट्रीयीकरणाचा पाठ शिकविताना इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झालेल्या आठ कंपन्यांची नावे आम्ही अध्यापक यंत्रवत वाचून दाखवितो. नारायण पेठेत माझ्याकडे अभ्यासास येणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा पृच्छा केली, की त्यांतील कलिंग एअरलाइन्स नेमकी चालत होती तरी कशावर? प्रश्न मार्मिक होता. वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्याचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्येच नमूद केले होते. पण कलिंगचे नाव झाले ते इतरांनी जाण्यास कचरावे अशा ठिकाणी विमान नेल्यामुळे.

तिचे संस्थापक बिजू पटनाईक यांचा जन्म ५ मार्च १९१६ रोजी कटकला झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून ते वैमानिक झाले. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा रंगूनहून इंग्रज कुटुंबांना सुखरूप बाहेर काढणारा हाच वैमानिक काँग्रेसच्या भूमिगतांनाही गुपचूप नेत असे. सरकारला सुगावा लागला आणि तुरुंगवास घडला.

युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमाने विक्रीस निघाली आणि पटनाईकांनी कलिंग उभी केली. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरविण्याच्या कामी खासगी कंपन्यांची विमाने लागली, त्यांत कलिंगही होती. पहिले विमान कोणी उतरविले, हा वाद बाजूला ठेवलेला बरा.

त्याआधीचा इंडोनेशियाचा प्रसंग अधिक विलक्षण आहे. २१ जुलै १९४७ रोजी डच फौजांनी तेथील प्रजासत्ताकावर चढाई केली. नेहरूंच्या सांगण्यावरून पटनाईक जावात गेले व माजी पंतप्रधान सुल्तान शहरीर यांना त्यांनी दिल्लीस आणले. ऑगस्टच्या मध्यास शहरीर सुरक्षा परिषदेपुढे आपल्या देशाची बाजू मांडत होते. डच नाकेबंदीतून एक माणूस बाहेर काढण्याचे भाडे हिशेबाच्या कोणत्या रकान्यात मांडावे, हे आमचे शास्त्र सांगू शकत नाही.

या साहसाची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. २९ जुलै रोजी कलिंगचे एक डाकोटा सिंगापूरहून औषधे घेऊन योग्यकर्त्यास उतरत असता डच लढाऊ विमानांनी पाडले. ऑस्ट्रेलियन वैमानिक कॉन्स्टंटाइन, ब्रिटिश सहवैमानिक हेझलहर्स्ट आणि इंडोनेशियन हवाई दलाचे आदिसुचिप्तो मृत्यू पावले. विमानातील नऊ जणांपैकी एकच वाचला.

राष्ट्रीयीकरणानंतरही कलिंगची गरज संपली नाही. ईशान्य सीमेवरील दुर्गम ठाण्यांवर आकाशातून धान्य टाकण्याचे काम सरकार तिच्याकडून करून घेत राहिले. येथेच मन साशंक होते. पटनाईक १९६१ मध्ये ओरिसाचे मुख्यमंत्री झाले. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास संरक्षणाच्या प्रश्नावर नेहरू त्यांचा सल्लाही घेत. देणारा आणि घेणारा इतके जवळ आले, की कंत्राटाचा दर वाजवी की अवाजवी हे ठरवायचे कोणी? त्यांच्या देशनिष्ठेविषयी मला शंका नाही. पण देशनिष्ठा ही काही निविदा नव्हे. ओरिसातील मंत्र्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी पुढे न्या. खन्ना आयोग नेमला गेला व पटनाईकांनाही तिला सामोरे जावे लागले. तरीही १९९० मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. १७ एप्रिल १९९७ रोजी ते निवर्तले.

योग्यकर्त्याच्या त्या विमानतळाला पुढे आदिसुचिप्तो यांचे नाव मिळाले. इंडोनेशियाचे हवाई दल २९ जुलै हा दिवस अद्याप पाळते.