खाणीतले पाणी उपसणारा न्यूकोमेन

विहिरीतून पाणी काढणे किती कष्टाचे असते, हे खेड्यातील मुलांना सांगावयास नको. विजेचे व तेलाचे पंप येण्यापूर्वी आपल्याकडील बागाईत मोटेवर भिजत असे. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई आणि पाण्याने भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. पहाटेपासून बैलांनी अशा येरझारा घालाव्या, तेव्हा कोठे शेताचा एक तुकडा भिजे. ही झाली चारपाच पुरुष खोल विहिरीची गोष्ट. परंतु विहीर पंचवीस पुरुष खोल असेल, तिच्या तळाशी माणसे राबत असतील आणि चहूबाजूंनी झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसल्यावाचून त्या माणसांना पाय टेकण्यासही जागा उरणार नसेल, तर काय करावयाचे?

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील खाणमालकांपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. जमिनीच्या पृष्ठभागाजवळचा कोळसा व कथील संपत आले होते. अधिक खाली जावे, तर पाणी आडवे येई. घोडे जुंपून फिरविलेल्या रहाटांनी व पोहऱ्यांच्या माळांनी ते उपसण्याचा प्रयत्न चाले. परंतु घोड्यांचा खर्च भारी, आणि खोली वाढली की त्यांची शक्तीही अपुरी पडे. कित्येक खाणी अशा रीतीने जलमय होऊन सोडून द्याव्या लागल्या. खाण बुडाली की मालकाचे द्रव्य बुडे आणि मजुराची भाकरीही बुडे. हे संकट ज्याने दूर केले, तो पुरुष ना मोठा पंडित होता, ना कोणी सरदार. तो लोखंडी सामानाचा एक साधा व्यापारी होता. त्याचे नाव टॉमस न्यूकोमेन.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे डार्ट नदीच्या मुखाशी डार्टमथ हे बंदर वसले आहे. इ. स. १६६४ च्या फेब्रुवारी महिन्यात या गावी टॉमसचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद सापडते. त्याच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. विश्वविद्यालयाची पायरी तो कधी चढला नाही. तरुणपणी त्याने आपल्या गावी लोखंडी सामानाचा व्यवसाय सुरू केला. त्याकाळचा असा व्यापारी केवळ खिळे व कुलुपे विकून स्वस्थ बसत नसे. अवजारे घडविणे, धातू ठोकून हवा तो आकार देणे, डाख लावून सांधे जोडणे, ही कामेही त्याच्या दुकानात होत. न्यूकोमेनच्या हाताला हे सारे कसब लाभले होते. जॉन कॅली नावाचा एक कुशल कारागीर त्याचा भागीदार होता. दोघेही बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. न्यूकोमेन आपल्या पंथाच्या सभांतून धर्मोपदेशही करीत असे. इ. स. १७०५ मध्ये हॅना नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला व पुढे त्यांना तीन अपत्ये झाली.

डेव्हन व शेजारचा कॉर्नवॉल या दोन्ही परगण्यांत कथलाच्या खाणी होत्या. तेथील लोकांना अवजारे पुरविताना पाण्यापायी होणारी त्यांची दैना न्यूकोमेनने पाहिली आणि त्यावर उपाय शोधण्याचा ध्यास त्याने घेतला, असे मानतात. ग्राहकाची अडचण ऐकून घेऊन तिच्याकडे पाठ फिरविणारे व्यापारी पुष्कळ असतात. ती अडचण आपली समजून तिच्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणारा एखादाच असतो.

याच सुमारास डेव्हनमधील टॉमस सेव्हरी नावाच्या गृहस्थाने अग्नीच्या साहाय्याने पाणी वर चढविण्याचे एक यंत्र तयार केले होते. इ. स. १६९८ मध्ये त्याला त्याचे पेटंटही मिळाले. सेव्हरी एका भांड्यात वाफ भरून ती थंड करी. भांड्यात पोकळी निर्माण झाली की खालचे पाणी नळातून वर चढे. नंतर पुन्हा वाफ सोडून तिच्या जोराने तो ते पाणी आणखी वर ढकली. कल्पना चतुर होती. पण पोकळीच्या योगाने पाणी तीस फुटांच्या आतच चढे, आणि त्यापुढे ढकलण्यास वाफेचा दाब फार वाढवावा लागे. त्या काळच्या भांड्यांना तो दाब सोसत नसे. सांध्यांचा डाख वितळे, भांडी फुटण्याचे भय असे. म्हणून खोल खाणीत या यंत्राचा उपयोग झाला नाही.

न्यूकोमेनने निराळी वाट धरली. दाबाखालची वाफ धोकादायक असेल, तर तिच्याकडून जोराचे काम करून घ्यावयाचेच कशाला? आपल्या सभोवार दुसरी एक प्रचंड शक्ती उभी आहे. ती म्हणजे हवेचा दाब. पृथ्वीवरील प्रत्येक वस्तूच्या दर चौरस इंचावर हवा सुमारे पंधरा पौंडांचा भार टाकीत असते. तो चोहोंकडून सारखा असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. एखाद्या वस्तूच्या एका बाजूची हवा काढून घेतली, तर मात्र दुसऱ्या बाजूचा भार आपला प्रताप दाखवितो. इटलीत टॉरिचेलीने व जर्मनीत गेरिकेने हे प्रयोगांनी सिद्ध केले होते. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने इ. स. १६९० मध्ये एका लहानशा नळकांड्यात वाफ थंड करून दट्ट्या खाली आणून दाखविला होता. परंतु प्रयोगशाळेतील खेळणे आणि खाणीच्या तोंडावर रात्रंदिवस राबणारे यंत्र यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम डार्टमथच्या या कारागिराने केले.

त्यासाठी त्याला थोडीथोडकी नव्हे, सुमारे दहा वर्षे खपावे लागले. त्याच्याबरोबर पुढे काम केलेल्या मार्टेन ट्रीव्हाल्ड या स्वीडिश अभियंत्याने तसे लिहून ठेवले आहे. नळकांडे आतून सारखे गुळगुळीत करणे त्या काळी अतिशय अवघड होते. दट्ट्या सैल बसला की हवा आत शिरे. घट्ट बसला की तो हलेना. न्यूकोमेनने दट्ट्याला चामड्याची चकती बसविली आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवून फटी बुजविल्या. तरीही एक अडचण उरलीच. नळकांड्यातील वाफ थंड करण्यासाठी तो बाहेरून गार पाणी फिरवी. त्यामुळे वाफेचे पाणी होण्यास फार वेळ लागे व यंत्र अगदी मंद चाले.

ट्रीव्हाल्डच्या वृत्तांताप्रमाणे ही अडचण एका अपघातामुळे दूर झाली. नळकांड्याच्या धातूत एक बारीक छिद्र राहिले होते व ते डाख भरून बुजविले होते. एके दिवशी उष्णतेने तो डाख सुटला आणि बाहेरचे गार पाणी कारंज्यासारखे वाफेत शिरले. त्याबरोबर सारी वाफ क्षणार्धात निवली, हवेच्या भाराने दट्ट्या धाडकन खाली आला, साखळी तुटली आणि यंत्राची मोडतोड झाली. दुसरा एखादा माणूस झालेल्या नुकसानीबद्दल हळहळत बसला असता. न्यूकोमेन व कॅली यांनी मात्र त्या मोडतोडीतून बोध घेतला. पाणी नळकांड्याच्या बाहेर फिरविण्याऐवजी आतच फवारले पाहिजे, हे त्यांना उमगले. अपघात सर्वांच्याच वाट्याला येतात. परंतु ज्याचे मन दहा वर्षे एकाच प्रश्नाभोवती घोटाळत असते, त्यालाच अपघाताची भाषा कळते.

अखेर इ. स. १७१२ मध्ये स्टॅफर्डशरमधील डड्ली किल्ल्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर न्यूकोमेनचे यंत्र उभे राहिले. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. उंच भिंतीवर एक भक्कम लाकडी तुळई लहान मुलांच्या वर-खाली झुलणाऱ्या फळीप्रमाणे मध्यावर तोललेली होती. तिच्या एका टोकाला साखळीने दट्ट्या टांगला होता. दुसऱ्या टोकाला खाणीच्या तळापर्यंत गेलेल्या पंपाचे जड दांडे जोडले होते. दट्ट्याच्या खाली पितळी नळकांडे व त्याच्याही खाली पाणी उकळण्याचा बॉयलर होता. दांड्यांच्या वजनाने तुळईचे ते टोक खाली जाई व दट्ट्या वर येई. तेव्हा बॉयलरमधील वाफ नळकांड्यात भरे. मग झडप बंद होऊन गार पाण्याचा फवारा आत उडे. वाफेचे पाणी झाले की ते सोळाशेव्या हिश्शाहून कमी जागेत मावते; म्हणून दट्ट्याखाली जवळजवळ पोकळी निर्माण होई. मग वरची हवा दट्ट्याला खाली दाबी, तुळईचे दुसरे टोक उचलले जाई आणि त्याबरोबर खाणीच्या पोटातले पाणी वर येई.

नळकांड्याचा व्यास २१ इंच होता. यंत्र मिनिटाला १२ फेरे घेई आणि प्रत्येक फेऱ्यास १० गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लिटर, पाणी ५१ यार्ड खोलीवरून उचली. ५१ यार्ड म्हणजे आपले पंचवीस पुरुष होतात. आजच्या हिशेबाने या यंत्राची शक्ती साडेपाच अश्वशक्तीच्या आसपास भरते. आज हा आकडा लहान वाटेल. परंतु घोडा थकतो, त्याला दाणावैरण व विसावा लागतो. हे यंत्र कोळसा मिळाला की दिवस म्हणत नसे व रात्र म्हणत नसे.

या यंत्राविषयी एक मौजेची आख्यायिका प्रसिद्ध आहे. झडपा उघडण्या-मिटण्याच्या कामावर हम्फ्री पॉटर नावाचा एक मुलगा होता. तेच ते काम करून तो कंटाळला. मग खेळावयास मोकळीक मिळावी म्हणून त्याने झडपांना दोऱ्या बांधून त्या तुळईला जोडून दिल्या आणि यंत्र आपोआप चालू लागले! गोष्ट गोड आहे. पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. डड्ली येथील यंत्राचे इ. स. १७१९ मध्ये छापलेले एक चित्र उपलब्ध आहे. त्यात झडपा आपोआप चालविणारी व्यवस्था स्पष्ट दिसते. लोकांना एका क्षणात सुचलेली युक्ती ऐकावयास आवडते. दहा वर्षांचे चिकाटीचे श्रम ऐकण्यास मात्र धीर लागतो.

यंत्र यशस्वी झाले, तरी त्याचे पेटंट न्यूकोमेनच्या नावावर झाले नाही. अग्नीच्या साहाय्याने पाणी वर चढविण्याचा सर्व हक्क सेव्हरीच्या पेटंटात आधीच बांधला गेला होता आणि त्याची मुदत कायद्याने इ. स. १७३३ पर्यंत वाढविलेली होती. न्यूकोमेनची कल्पना अगदी वेगळी असूनही त्याला त्याच पेटंटाच्या छत्राखाली काम करावे लागले. इ. स. १७१५ मध्ये सेव्हरी मरण पावला व ते हक्क भागधारकांच्या एका मंडळीकडे गेले. यंत्र उभारणारे खाणमालक या मंडळीला पैसे भरू लागले. न्यूकोमेन मात्र नवनवी यंत्रे उभारण्यात गढून राहिला. पाहता पाहता त्याची यंत्रे इंग्लंडभर पसरली व समुद्रापलीकडेही गेली. इ. स. १७२२ मध्ये त्या वेळच्या हंगेरीत व १७२८ च्या सुमारास स्वीडनमधील डॅनेमोरा येथे ती उभी राहिली. पेटंटाची मुदत संपेपर्यंत अशी शंभराहून अधिक यंत्रे उभारली गेली होती.

ते पाहण्यास न्यूकोमेन जिवंत नव्हता. इ. स. १७२९ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस लंडनमध्ये एका स्नेह्याच्या घरी त्याचे निधन झाले. बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्याला पुरले. परंतु नेमके कोठे, हे आज कोणासही दाखविता येत नाही. त्याचे एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही. त्याचा चेहरा कसा होता, हे जगाला ठाऊक नाही.

न्यूकोमेनच्या यंत्रात दोष नव्हता असे नाही. दर फेऱ्याला नळकांडे तापवावयाचे व लगेच थंड करावयाचे, यात कोळशाची अतोनात नासाडी होई. कोळशाच्या खाणीवर निरुपयोगी चुऱ्याचे ढीग पडलेले असत, म्हणून तेथे ती खपून गेली. कॉर्नवॉलमधील कथलाच्या खाणींना मात्र जहाजाने कोळसा आणावा लागे आणि हा खर्च त्यांना जड जाई. इ. स. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विश्वविद्यालयातील न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी जेम्स वॉट नावाच्या तरुण कारागिराकडे आली. ती दुरुस्त करताना वाफेची ही उधळपट्टी त्याच्या ध्यानी आली आणि वाफ निराळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना त्याला १७६५ मध्ये सुचली. पुढे वॉटचे नाव जगभर गाजले. पण वॉटने ज्या पायावर इमारत चढविली, तो पाया न्यूकोमेनने घातला होता.

तो पाया किती पक्का होता, याची साक्ष यॉर्कशरमधील एल्सिकार या गावी मिळते. तेथील कोळशाच्या खाणीवर १७९५ मध्ये उभारलेले न्यूकोमेनच्या पद्धतीचे यंत्र १९२३ पर्यंत काम करीत होते. न्यूकोमेनच्या जन्माला तीनशे वर्षे होत असताना डार्टमथ येथेही त्याच्या पद्धतीचे एक जुने यंत्र आणून स्मारक म्हणून उभे करण्यात आले.

आज खाणींतील पाणी विजेचे पंप उपसतात. तरीही नळात बसविलेला दट्ट्या आणि त्याला हलविणारा वायूचा दाब, ही जोडी अद्याप निवृत्त झालेली नाही. नैसर्गिक वायूच्या हजारो फूट खोल विहिरींत तळाशी पाणी साचले की वायूची वाट अडते. अशा काही विहिरींच्या नळात एक पोलादी दट्ट्या सोडतात. वरचे तोंड काही वेळ मिटले की खाली वायूचा दाब वाढतो. ते उघडले की तो वायू दट्ट्याला व त्याच्यावरील पाण्याला उचलून थेट वर आणून टाकतो. दट्ट्या पुन्हा आपल्या भाराने तळाशी जातो. न्यूकोमेनचा दट्ट्या हवेने खाली दाबला जाई, हा वायूने वर फेकला जातो, एवढाच भेद.

न्यूकोमेनची समाधी सापडत नाही, म्हणून खेद मानण्याचे कारण नाही. खोल अंधारात कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या पायांखालची जमीन ज्याने कोरडी केली, त्याचे स्मारक त्या माणसांच्या सुटकेच्या निःश्वासातच उभे राहिले होते.