विश्लेषण : एक ठोसा आणि संपलेली २८ वर्षांची कारकीर्द… अमेरिकी फुटबॉलचे वुडी हेज कोण होते?

२९ डिसेंबर १९७८ ची रात्र. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल शहरात 'गेटर बोल' हा विद्यापीठ फुटबॉलचा सामना रंगला होता. ओहायो स्टेट विरुद्ध क्लेम्सन. शेवटची दोन-अडीच मिनिटे उरली असताना क्लेम्सनच्या चार्ली बाउमन या खेळाडूने ओहायोचा पास मध्येच पकडला आणि तो धावत सीमारेषेबाहेर गेला. तिथे नेमका ओहायोचा संघ उभा होता. त्या गर्दीतून ६५ वर्षांचे एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी बाउमनच्या गळ्याजवळ ठोसा मारला. हे गृहस्थ म्हणजे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नोकरी गेली होती.

अमेरिकी फुटबॉलमध्ये सीमारेषेवर एखाद्या प्रशिक्षकाचा तोल सुटला, की आजही हेज यांचे नाव निघते. पण हा ठोसा खरोखरच अचानक मारला गेला होता का?

हेज यांची सुरुवात कशी झाली?

वेन वुड्रो हेज यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९१३ चा, ओहायो राज्यातील क्लिफ्टनचा. वडील शाळा खात्यात अधीक्षक होते. त्याच राज्यातील न्यूकमर्सटाऊन या छोट्या गावात वुडी वाढले. डेनिसन विद्यापीठात ते फुटबॉल खेळले, १९३५ मध्ये पदवीधर झाले आणि शाळांमध्ये शिकवता शिकवता प्रशिक्षक बनले.

दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात दाखल झाले. पॅसिफिकमध्ये त्यांनी गस्तीनौकेचे आणि पुढे 'राइनहार्ट' या युद्धनौकेचे नेतृत्व केले. लष्करी इतिहासाचे वेड त्यांना आयुष्यभर राहिले. शिस्त, हुकूम आणि आघाडीवर उभा असलेला सेनापती ही चौकट त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर जशीच्या तशी आणली, असे त्यांची कारकीर्द पाहताना जाणवते.

युद्धानंतर डेनिसन आणि ओहायोतीलच मायामी विद्यापीठाच्या संघांना त्यांनी यश मिळवून दिले. १९५१ मध्ये ते ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ते इतके मोठे का मानले जातात?

अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल हा केवळ हौशी खेळ नाही. स्टेडियममध्ये हजारोंची गर्दी होते, सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जातात आणि नॅशनल फुटबॉल लीग म्हणजेच 'एनएफएल' या व्यावसायिक लीगला खेळाडू इथूनच मिळतात. विजय मिळवून देणारा प्रशिक्षक त्या राज्यातील मोठी असामी असतो.

हेज यांनी ओहायो स्टेटमध्ये २८ हंगाम काढले. २०५ विजय, ६१ पराभव आणि १० बरोबरी अशी त्यांची तिथली कामगिरी आहे. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटाची १३ विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मान त्यांच्या संघाला पाच हंगामांत मिळाला. आर्ची ग्रिफिन हा त्यांचा शिष्य. विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान असलेली हाइजमन ट्रॉफी त्याने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोनदा जिंकली.

त्यांची खेळण्याची पद्धत साधी, पण चिवट होती. अमेरिकी फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू लांब फेकून एकदम मोठी मजल मारण्यावर हेज यांचा फारसा भरवसा नव्हता. चेंडू हातात घ्यायचा, समोरच्या फळीला धडक द्यायची आणि तीन-तीन यार्ड पुढे जायचे, हा त्यांचा खाक्या.

मैदानाबाहेरचे हेज कसे होते?

इथेच त्यांचे आयुष्य गुंतागुंतीचे होते. हेज खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवत. पदवी पूर्ण कर, असा तगादा खेळ सोडून गेलेल्यांच्याही मागे लावत. रुग्णालयात जाऊन अनोळखी रुग्णांना भेटत आणि त्याची जाहिरात होऊ देत नसत. व्हिएतनाममध्ये जाऊन त्यांनी अमेरिकी सैनिकांची विचारपूस केली.

अडचणीतल्या खेळाडूंना ते स्वतःच्या खिशातून पैसे देत. हेतू चांगला असला तरी ते नियमात बसत नव्हते. त्यामुळे १९५६ मध्ये 'बिग टेन'ने ओहायो स्टेटवर कारवाई केली.

संस्थेचा निर्णय कसा मान्य करायचा, हेही त्यांना ठाऊक होते. १९६१ मध्ये त्यांचा संघ प्रतिष्ठेच्या 'रोझ बोल'साठी पात्र ठरला, पण विद्यापीठाच्या प्राध्यापक मंडळाने २८ विरुद्ध २५ मतांनी संघ पाठवण्यास नकार दिला. फुटबॉलचे प्रस्थ अभ्यासापेक्षा वाढते आहे, असे प्राध्यापकांना वाटत होते. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. हेज यांनी मात्र जाहीरपणे तो निर्णय स्वीकारला.

रागाचे इशारे आधी मिळाले होते का?

मिळाले होते, आणि तेही अनेकदा. सरावात चिडले की हेज डोक्यावरची टोपी फाडत, चष्मा फोडत, प्रसंगी स्वतःच्या खेळाडूंवर हातही उगारत. त्या काळात हे कडक शिस्तीचे लक्षण मानले जाई. पाहणारे हसून सोडून देत.

१९५९ मध्ये लॉस एंजेलिसमधील पराभवानंतर त्यांनी एका क्रीडा पत्रकारावर हात उगारला आणि तो दुसऱ्यालाच लागला. १९७१ मध्ये मिशिगनविरुद्ध पंचांच्या निर्णयावर संतापून त्यांनी सीमारेषेवरील अंतरदर्शक खुणांची मोडतोड केली. १९७३ च्या 'रोझ बोल'पूर्वी एका छायाचित्रकाराचा कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर ढकलला. तक्रार झाली, पण हेज पदावर कायम राहिले.

१९७७ मध्ये मिशिगनविरुद्धच्याच सामन्यात ओहायोच्या हातून मोक्याच्या क्षणी चेंडू निसटला. त्यांची प्रतिक्रिया टिपणाऱ्या दूरचित्रवाणीच्या कॅमेरामनला हेज यांनी ठोसा मारला. या वेळी 'बिग टेन'ने त्यांना ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवले. पुढच्या हंगामात ते पुन्हा त्याच सीमारेषेवर उभे होते.

म्हणजे जवळपास २० वर्षे एकच गोष्ट घडत होती. पराभव समोर दिसला की हेज यांचा हात उठत असे. प्रत्येक वेळी मार बसणारा माणूस वेगळा होता आणि प्रत्येक वेळी त्यांच्या विजयांचे पारडे जड ठरत होते.

त्या रात्री नेमके काय झाले?

१९७८ चा हंगाम ओहायोसाठी फिका गेला होता. 'गेटर बोल'मध्ये क्लेम्सन १७-१५ असे आघाडीवर होते. ओहायो चेंडू घेऊन क्लेम्सनच्या २४ यार्ड रेषेपर्यंत आले होते. तिथून चेंडू गोलखांबांमधून मारला असता, तर तीन गुण आणि बहुधा सामनाही मिळाला असता.

त्याऐवजी ओहायोचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक आर्ट श्लिश्टर याने पास टाकला. पासवर भरवसा नसलेल्या प्रशिक्षकाचा शेवटचा सामना एका पासनेच फिरावा, हा योगायोगच. बाउमनने तो हवेतच अडवला आणि ओहायोच्या बाकाकडील सीमारेषेबाहेर तो थांबला. हेज यांनी त्याला धरून ठोसा मारला. त्यांना आवरायला धावलेल्या आपल्याच खेळाडूवरही त्यांनी हात टाकला. पंचांनी ओहायोला खिलाडूवृत्तीला सोडून वागल्याबद्दल दंड दिला. क्लेम्सन जिंकले.

बाउमनला इजा झाली नाही. सामना देशभर थेट दाखवला जात होता, पण समालोचकांनी या प्रकाराचा उल्लेख केला नाही आणि त्याचे पुनर्दर्शनही झाले नाही. तरी लाखो प्रेक्षकांनी तो पाहिला होता.

कारवाई कोणी केली?

ओहायो स्टेटचे क्रीडा संचालक ह्यू हिंडमन यांनी. हे हिंडमन मायामी विद्यापीठात हेज यांच्या हाताखाली खेळले होते आणि पुढे ओहायो स्टेटमध्ये त्यांचे सहायकही होते. विद्यापीठाचे अध्यक्ष हॅरोल्ड एनार्सन यांच्याशी बोलून त्याच रात्री निर्णय झाला. हेज यांना राजीनामा देण्याची संधी दिली गेली, ती त्यांनी नाकारली. ३० डिसेंबरच्या सकाळी त्यांना पदावरून दूर केल्याचे जाहीर झाले.

१९७७ मध्ये ताकीद पुरेशी वाटली, मग १९७८ मध्ये बडतर्फी का? मोठा फरक समोरच्या माणसाचा होता. या वेळी मार खाणारा प्रतिस्पर्धी संघाचा विद्यार्थी खेळाडू होता आणि तो खेळता खेळता तिथे पोहोचला होता. त्याला वाचवण्यासारखे काही उरलेच नव्हते, कारण त्याला वाचवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्यापैकीच एकाने हात उचलला होता.

सीमारेषा इतकी नाजूक जागा का?

क्रिकेटमध्ये सीमारेषेपलीकडे बहुतेक मोकळी जागा असते. अमेरिकी फुटबॉलमध्ये रेषेला लागूनच डझनावारी खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर आणि कॅमेरामन उभे असतात. पूर्ण वेगात धावणारा खेळाडू रेषेबाहेर जातो, तेव्हा त्याची नजर बहुधा चेंडूवर किंवा अंगावर येणाऱ्यावर असते. शिरस्त्राण घातलेले असले तरी गळा, गुडघे आणि पाय उघडेच असतात. बाजूने आलेला छोटासा अडथळाही त्याला महागात पडू शकतो.

म्हणूनच एनएफएलमध्ये मैदानाभोवती किमान ६ फूट रुंद पांढरा पट्टा असतो. खेळ सुरू असताना पंचांना धावण्यासाठी आणि खेळाडूंना थांबण्यासाठी ही जागा मोकळी ठेवणे अपेक्षित असते. अनेक संघ तर मुख्य प्रशिक्षकाला मागे खेचण्यासाठी एक माणूसच नेमतात.

हेज यांच्यानंतर असे प्रकार थांबले का?

नाही, पण शिक्षा लवकर होऊ लागली. १२ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क जेट्स संघाचे शारीरिक तंदुरुस्ती प्रशिक्षक साल अलोसी यांनी सीमारेषेवरून गुडघा पुढे करून मायामी डॉल्फिन्सच्या नोलन कॅरोलला पाडले. आपल्या माणसांना रेषेलगत भिंतीसारखे उभे राहायला त्यांनीच सांगितल्याचे उघड झाले. अलोसी यांना उरलेल्या हंगामासाठी निलंबित करण्यात आले, २५ हजार डॉलरचा दंड झाला आणि पुढे त्यांनी नोकरी सोडली. लीगने जेट्सलाही एक लाख डॉलरचा दंड केला.

२०१३ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन धावत्या खेळाडूच्या वाटेत पांढऱ्या पट्ट्यावर आले. स्पर्श झाला नाही, तरी एक लाख डॉलरचा दंड झाला. खेळाडूला लागले की नाही, यापेक्षा तिथे उभे राहणेच धोक्याचे, हे लीगने मान्य केले होते.

हेज यांचे पुढे काय झाले?

ते कोलंबस शहरातच राहिले. विद्यापीठाने त्यांच्यासाठी लष्करी शिक्षण विभागाच्या इमारतीत एक खोली ठेवली. ते व्याख्याने देत, जुन्या खेळाडूंना भेटत. १९८३ मध्ये विद्यापीठाच्या बँडने मैदानावर साकारलेल्या 'ओहायो' या अक्षररचनेतील आय या अक्षरावर टिंब होऊन उभे राहण्याचा मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी विद्यापीठ फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९८६ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. त्या ठोशाबद्दल त्यांनी जाहीर माफी मात्र मागितली नाही. बाउमननेही त्या रात्रीचे भांडवल केले नाही.

१२ मार्च १९८७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ७४ व्या वर्षी हेज यांचे निधन झाले. त्यांचे मित्र, माजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन अंत्यविधीला श्रद्धांजलीचे भाषण करायला आले होते.

ओहायोमध्ये आजही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथल्या अनेक कुटुंबांना त्यांनी शिकवलेली, सावरलेली मुले आठवतात. इतरांना ती काही सेकंदांची चित्रफीत आठवते. दोन्ही खरे आहे. १९५९, १९७१, १९७३ किंवा १९७७ यांपैकी एखाद्या वर्षी कुणी त्यांना ठामपणे थांबवले असते, तर बाउमनला ठोसा बसला नसता आणि हेज यांनाही कदाचित सन्मानाने निवृत्त होता आले असते.