हातात मावणारं पुस्तक : आल्डस मॅन्युशियस यांचा जीवनपरिचय



शाळेतल्या मुलांच्या कवितांचं छोटंसं पुस्तक काढायचं ठरलं की प्रेसवाला आधी विचारतो, साईज काय ठेवायची? डेमी, क्राऊन की सरळ ए-फोर? बहुतेक वेळा आपण तो निर्णय त्याच्यावरच सोडतो. स्वस्तात बसेल ती ठेवा म्हणतो आणि मुखपृष्ठाच्या रंगाकडे वळतो. पुस्तक बांधून झालं की ते तीन बाजूंनी कापतात आणि कापून जे उरतं तो पुस्तकाचा खरा आकार. प्रेसमध्ये त्याला ट्रिम साईज म्हणतात. हा आकार कागदाच्या दरावरून ठरवायचा की वाचणाऱ्यावरून, या प्रश्नाचा पाचशे वर्षांपूर्वी फार नेमका विचार केलेल्या माणसाची ओळख आज करून घेऊ या. ते जगप्रसिद्ध मुद्रक होते, पण मुळात आपल्यासारखेच शिक्षक होते. म्हणून तर मला ते जवळचे वाटतात.

आल्डस मॅन्युशियस यांचा जन्म १४५० च्या सुमारास इटलीत, रोमच्या दक्षिणेला असलेल्या बास्सियानो या डोंगरातल्या लहानशा गावी झाला. रोममध्ये ते लॅटिन शिकले आणि पुढे फेरारा येथे ग्रीक. तिथेच त्यांची मैत्री पिको देल्ला मिरांदोला या तरुण विद्वानाशी झाली. पिकोची बहीण कार्पी या छोट्या संस्थानात होती. तिच्या अल्बेर्तो आणि लिओनेल्लो या दोन मुलांना शिकवायचं काम आल्डस यांना मिळालं. म्हणजे खासगी शिकवणीच, फक्त विद्यार्थी राजपुत्र!

शिकवताना त्यांना सगळ्यात जास्त खटकलं ते पुस्तक. लहानपणी त्यांना पद्यात रचलेलं लॅटिन व्याकरण पाठ करावं लागलं होतं, आणि त्याबद्दलची नाराजी त्यांच्या लेखनात दिसते. मुलांना अर्थ कळायच्या आधी नियम घोकायला लावणं त्यांना पटत नसे. मग त्यांनी स्वतःच लॅटिन व्याकरण लिहिलं. ते १४९३ मध्ये व्हेनिसच्या आंद्रेआ तोर्रेसानी या मुद्रकाने छापलं.

तोपर्यंत आल्डस स्वतः व्हेनिसला येऊन राहिले होते. वय चाळीशीचं. या वयात नोकरीची घडी मोडून नव्या धंद्यात पडायचं म्हणजे आजही घरचे हो म्हणणार नाहीत. पण व्हेनिसमध्ये तेव्हा छापखान्यांची नुसती गर्दी होती, कागद मिळत होता, आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतर आलेले ग्रीक विद्वानही तिथे होते. ग्रीक ग्रंथ मूळ भाषेत छापायचे, हे आल्डस यांचं स्वप्न. भांडवल तोर्रेसानी आणि बार्बारिगो नावाच्या बड्या घराण्यातल्या एका गृहस्थाचं. आल्डस यांचा वाटा त्यात सुमारे एक दशांशच. १४९५ मध्ये त्यांच्या छापखान्याचं पहिलं पुस्तक निघालं, तेही शिकणाऱ्यांसाठी : लास्कारिस यांचं ग्रीक व्याकरण. त्यानंतर १४९८ पर्यंत ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पाच जाडजूड खंडांत आले.

हे खंड केवढे होते ते कळण्यासाठी वर्गात एक उपक्रम घ्या. प्रत्येक मुलाला एक मोठा कागद द्या. तो एकदा दुमडला की दोन पानं होतात. अशा एका घडीच्या पुस्तकाला फोलिओ म्हणतात. ॲरिस्टॉटल या आकारात होता. दुसरी घडी घातली की चार पानं, तो क्वार्टो. तिसरी घडी घातली की आठ पानं, म्हणजे दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठं, तो ऑक्टेव्हो. आपल्याकडे अष्टपत्री म्हणतात तोच हा आकार, आणि डेमी अष्टपत्री, क्राऊन अष्टपत्री ही नावं त्यातूनच आली आहेत. आता घडी न उलगडता मुलांना कडा जरा जरा उचलून पृष्ठांवर १ ते १६ आकडे घालायला सांगा आणि मग कागद उघडा. १ च्या शेजारी १६ येतो आणि अर्धे आकडे उलटे दिसतात. हा झाला एक फर्मा. मुलांना हे फार आवडतं. पृष्ठांची संख्या सोळाच्या पटीत का धरतात तेही वेगळं सांगावं लागत नाही.

तर फोलिओ म्हणजे टेबलावर ठेवून, बसून वाचायचं पुस्तक. त्या काळी व्हर्जिलसारख्या प्राचीन कवीचं काव्य फोलिओतच छापत, कारण पानाच्या मधोमध मूळ काव्य आणि त्याच्या चारही बाजूंनी जुन्या पंडितांची टीका असे. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्यांमध्येही मधे मूळ आणि वर-खाली टीका अशी मांडणी सापडते, तिला त्रिपाठ म्हणतात. त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. लहान पुस्तकं तेव्हाही होती, पण ती मुख्यतः प्रार्थनेची. आपल्या आजी-आजोबांच्या पिशवीत गीतेचा किंवा हरिपाठाचा गुटका असायचा ना, तसंच. रोज लागणारं, सोबत न्यायचं पुस्तक लहान, आणि अभ्यासाचं मोठं, अशी वाटणी ठरून गेलेली होती.

आल्डस यांनी ती मोडली. एप्रिल १५०१ मध्ये त्यांनी व्हर्जिलचं काव्य अष्टपत्री आकारात काढलं. साधारण १६ सेंटीमीटर उंच आणि १० सेंटीमीटर रुंद, पानावर तीस ओळी. पाठोपाठ होरेस, त्याच वर्षी इटालियन भाषेतला पेट्रार्क, पुढच्या वर्षी दान्ते आणि ग्रीक नाटककार सोफोक्लीस. ही कल्पना आपल्याला कुठे सुचली तेही त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं आहे. पिएत्रो बेम्बो या आपल्या मित्राच्या वडिलांच्या ग्रंथसंग्रहात त्यांनी अशी छोटी पुस्तकं पाहिली होती. म्हणजे लहान आकार हा आल्डस यांचा शोध नव्हे. श्रीमंताच्या कपाटातल्या मोजक्या पुस्तकांचा आकार त्यांनी शेकड्यांनी छापायच्या प्रतींना दिला.

माझ्या मते इथे खरा निर्णय आकाराचा नव्हताच, टीका काढून टाकण्याचा होता. आधी मजकूर कमी झाला, मग पान लहान झालं. टीका म्हणजे एका अर्थी पानावर बसलेला शिक्षक. तो उठून गेला आणि कवी व वाचक दोघेच समोरासमोर उरले. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाने हे करावं याचं मला नवल वाटतं. यात नुकसान नव्हतं असं नाही. नवशिक्या मुलाला टीकेशिवाय व्हर्जिल कळणं कठीणच. पण आल्डस यांच्या डोळ्यांपुढे शिकून बाहेर पडलेला, नोकरी-व्यवहारात अडकलेला वाचक होता. होरेसचं पुस्तक त्यांनी व्हेनिसच्या सानुदो या कारभारी गृहस्थाला अर्पण केलं. पुस्तक इतकं लहान आहे की सरकारी कामातून सवड मिळताच ते तुम्हाला वाचायला बोलावील, अशा आशयाचं त्यांनी तिथे लिहिलं आहे.

आपण नेमकं उलटं करतो. ए-फोरवर टाइप केलेला सगळा मजकूर तसाच ए-फाइव्हवर दाबून बसवतो. पान अर्धं होतं, अक्षरं मुंगीएवढी होतात आणि मूल पुस्तक मिटून ठेवतं.

अक्षराचाही आल्डस यांनी वेगळा विचार केला. बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफ्फो हा कसबी कारागीर त्यांच्यासाठी ठसे कोरत असे. या छोट्या पुस्तकांसाठी त्याने सुशिक्षित लोकांच्या हस्ताक्षरासारखं तिरकं, एकमेकांना बिलगलेलं अक्षर कोरलं. संगणकावर आज आपण इटॅलिक म्हणून जे बटण दाबतो, त्याचं हे मूळ. तेव्हा फक्त लहान लिपीची अक्षरं तिरकी होती, कॅपिटल अक्षरं उभीच ठेवली होती. जागा वाचवण्यासाठी हे अक्षर आणलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. हाताने लिहिलेल्या सुंदर वहीचा भास व्हावा हाही हेतू त्यात असणार. पण एक फायदा नक्की झाला : व्हर्जिलची लांब ओळ अरुंद पानावर न मोडता एका ओळीत बसली. कवितेच्या पुस्तकाची रुंदी ठरवताना आपणही सगळ्यात लांब ओळ आधी मोजून पाहावी. ओळीचा शेवटचा शब्द घसरून खाली आला की मुलं तिथेच अडखळतात, हे प्रकट वाचनाच्या तासाला लगेच कळतं.

आता किमतीबद्दल. लहान पुस्तक म्हणजे गरिबाचं पुस्तक, असं आल्डस यांच्याबाबत सर्रास सांगितलं जातं. तसं सरळ नव्हतं. कागद तेव्हा चिंध्यांपासून बनायचा आणि महाग असायचा, त्यामुळे कमी कागद म्हणजे कमी खर्च हे खरं. पण चांगला कागद, नवे ठसे आणि विद्वानांकडून तपासलेला मजकूर याची किंमत त्यात होतीच. चामड्याच्या कागदावर छापलेल्या खास प्रती तर भलत्याच महाग. मांतुआची राणी इझाबेला देस्ते हिने १५०५ मध्ये अशा चार प्रती मागवल्या, आणि किंमत दुप्पट लावली आहे असं म्हणून परत पाठवून दिल्या! बाईंचा हिशोब पक्का होता.

स्वस्त करून दाखवलं ते नकलाकारांनी. फ्रान्समधल्या लियाँ शहरात तोच आकार, तसंच तिरकं अक्षर, तेच कवी घेऊन पुस्तकं निघू लागली. त्यावर ना मुद्रकाचं नाव, ना साल. व्हेनिसच्या सरकारने आल्डस यांना दिलेलं संरक्षण लियाँमध्ये काय कामाचं? शेवटी मार्च १५०३ मध्ये त्यांनी एक जाहीर इशारा छापला. नकली पुस्तक कसं ओळखायचं, कागदाला कसा वास येतो, कोणत्या ओळीत कोणती चूक आहे, सगळं एखाद्या मास्तरांनी वही तपासावी तसं लिहून काढलं. नकलाकारांनी ती यादी वाचली आणि पुढच्या छपाईत त्या चुका दुरुस्त करून घेतल्या! मास्तरांनी फुकटात प्रुफं तपासून दिली म्हणायची.

याच सुमारास ग्रिफ्फोही त्यांना सोडून गेला. व्हर्जिलच्या पुस्तकात आल्डस यांनी त्याचं कौतुक छापलं होतं, पण सरकारी हक्क आल्डस यांच्या नावावर होता. १५०३ मध्ये फानो गावच्या सोन्सिनो या मुद्रकाने ही अक्षरं खरी ग्रिफ्फोची असल्याचं छापूनच टाकलं. या वादात मला कारागिराची बाजू जड वाटते.

सगळीच पुस्तकं त्यांनी लहान केली असा मात्र गैरसमज नको. १५०८ मध्ये इरॅस्मस त्यांच्याकडे राहून म्हणींचा संग्रह वाढवत होता. इरॅस्मस लिहितोय आणि बाजूला छपाई चाललीय, अशी धांदल. तो ग्रंथ फोलिओत निघाला. १५१३ मध्ये प्लेटो, तोही फोलिओत. चाळून, शोधून, तुलना करून वाचायचा ग्रंथ मोठा. व्याकरणं मधल्या, क्वार्टो आकारात. कविता खिशाजोगी. आपल्या पहिली-दुसरीच्या मुलांचं पुस्तक मोठंच हवं, कारण त्यांचं अक्षर मोठं, चित्र मोठं आणि पुस्तक जमिनीवर पसरून बसायची सवय. तेच आठवीच्या मुलीला बसमध्ये कथा वाचायची असेल तर ए-फोरचं बाड तिला नकोसं होतं.

१५०५ मध्ये आल्डस यांनी भागीदार तोर्रेसानी यांच्या मुलीशी, मारियाशी लग्न केलं. १५०९ मध्ये व्हेनिसवर मोठं युद्ध आलं आणि छापखाना तीन वर्षं बंद पडला. १५१२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. १५१४ मध्ये व्हर्जिल पुन्हा छापताना त्यांनी ते पुस्तक बेम्बोला अर्पण केलं. त्याच्या वडिलांच्या संग्रहाचं ऋण त्यांनी मांडलं ते याच वेळी. काही महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १५१५ रोजी त्यांचं निधन झालं. अंत्यदर्शनाच्या वेळी चर्चमध्ये त्यांच्या देहाभोवती त्यांनीच छापलेली पुस्तकं रचून ठेवली होती. छापखाना पुढे सासऱ्यांनी, मग मुलगा पाओलो आणि नातवाने चालवला.

पुढच्याच वर्षी, १५१६ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस मोर यांचं युटोपिया हे पुस्तक आलं. त्यातला प्रवासी त्या काल्पनिक बेटावर जहाजातून पुस्तकं घेऊन जातो, आणि त्यात आल्डस यांच्या बारीक अक्षरातला सोफोक्लीस आहे. १९३५ मध्ये लंडनला ॲलन लेन यांनी पेंग्विनची कागदी बांधणीची स्वस्त पुस्तकं काढली, ती सुमारे १८ सेंटीमीटर उंच आणि ११ रुंद होती. स्वस्ताईचा जो भाग आल्डस यांच्या हातून राहिला होता, तो तिथे सहा पेन्सात पूर्ण झाला.

आल्डस यांची छोटी पुस्तकं आज जगभरच्या ग्रंथालयांत आहेत, पण एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर उंची सारखी भरत नाही. पाचशे वर्षांत ज्या प्रतीची जितक्या वेळा नव्याने बांधणी झाली, तितक्या वेळा बाइंडरने तिच्या कडा पुन्हा थोड्या थोड्या कापल्या. काही प्रतींत कुणा वाचकाने समासात शाईने लिहिलेल्या टिपणांचे अर्धे शब्दही त्यात गेले आहेत.